निर्दोष, पण कुलपाआड

१७ फेब्रुवारी १८७२. लंडनच्या लँबेथ भागात अजून उजाडायचं होतं. जॉर्ज मेरेट नावाचा कामगार बिअरच्या कारखान्यात कामावर निघाला होता. घरी गरोदर बायको आणि मुलं. वाटेत एक अनोळखी माणूस त्याच्या मागे धावला आणि त्याने पिस्तूल झाडलं. मेरेट वाचला नाही. मारणाऱ्याचं नाव विल्यम चेस्टर मायनर. अमेरिकेच्या यादवी युद्धात सर्जन म्हणून काम केलेला, शिकलेला, लष्कराची पेन्शन घेणारा माणूस. रात्री आपल्या खोलीत माणसं शिरतात आणि आपला छळ करतात, अशी त्याची पक्की खात्री होती. त्यांतलाच एक जण पळून चाललाय, असं समजून त्याने गोळी घातली होती.

खटला उभा राहिला. निकाल आला : वेडेपणामुळे निर्दोष. आणि त्याच दमात आदेश झाला, की महाराणींची मर्जी कळेपर्यंत याला बंदोबस्तात ठेवा. ती मर्जी कळायला अडतीस वर्षं लागली. इतका काळ मायनर ब्रॉडमूरमध्ये होता. बर्कशायरमधल्या क्रोथॉर्न गावाजवळची ही संस्था १८६३मध्ये सुरू झाली, गुन्हा घडलेल्या मनोरुग्णांसाठी. १९१०मध्ये तेव्हाचे गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्याला अमेरिकेला पाठवायचा आदेश दिला.

मायनर आज लोकांना माहीत आहे तो वेगळ्या कारणाने. ऑक्सफर्डचा प्रचंड इंग्रजी शब्दकोश तयार होत होता, तेव्हा ब्रॉडमूरमधल्या आपल्या खोलीत बसून त्याने पुस्तकं धुंडाळली आणि संपादक जेम्स मरे यांना हजारो अवतरणं पाठवली. त्यावर पुस्तक आलं, सिनेमा आला. वेडा आणि विद्वान एकाच देहात, हे कुणालाही आकर्षक वाटणारच. पण शब्दकोश थोडा वेळ बाजूला ठेवू आणि त्या निकालाकडे पाहू. न्यायालय म्हणालं, तू निर्दोष आहेस. आणि मग दाराला कुलूप लागलं. चोराला तारीख मिळते : अमुक वर्षं, मग घरी. निर्दोष ठरलेल्या माणसाला तारीखच मिळाली नाही.

निर्दोष आहे, तर कुलूप कशासाठी? आणि कुलूप लावायचंच, तर निर्दोष म्हणण्याला अर्थ काय उरतो?

आधी निर्दोष का, ते पाहू

बातमीखालच्या कॉमेंट्स तुम्हीही वाचल्या असतील. ‘वेड्याचं सोंग घेतलं की सुटतात हे लोक.’ ‘खून करताना बरं कळत होतं.’ या रागामागे एक रास्त शंका आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

शिक्षा आपण हाताला करत नाही, हातामागच्या निवडीला करतो. तीन वर्षांच्या मुलाने चुलीवरचं पातेलं ओढलं आणि बहीण भाजली, तर घर हादरतं. पण त्या मुलाला कुणी गुन्हेगार म्हणत नाही. आता असा माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याला समोर उभा असलेला भाऊ भाऊ वाटतच नाही. भावाचा चेहरा लावून कुणी मारेकरी घरात शिरलाय, याची त्याला शंभर टक्के खात्री आहे. मनोविकारतज्ज्ञांना हा भ्रम चांगला परिचयाचा आहे. तो माणूस हत्यार उचलतो तेव्हा त्याच्या जगात तो स्वतःचा जीव वाचवत असतो. त्याच्यापुढे ‘भावाला मारू की नको’ हा प्रश्नच आलेला नसतो. जो प्रश्न आलाच नाही, त्याचं चुकीचं उत्तर दिलं म्हणून त्याला फाशी कशी द्यायची?

कायद्याने ही रेघ ओढली ती एका अशाच खुनानंतर. जानेवारी १८४३मध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने लंडनमध्ये एडवर्ड ड्रमंड यांना पाठीमागून गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव. टोरी पक्षाचे लोक आपला सतत पाठलाग करतात, असं मॅक्नॉटनला वाटत असे. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं, आणि देशभर गदारोळ झाला. राणी व्हिक्टोरियाही नाराज झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना बोलावून खुलासा मागितला. त्यांनी दिलेली उत्तरं म्हणजेच ‘मॅक्नॉटन नियम’. आपण काय करतोय हे त्या क्षणी त्याला कळत होतं का? कळत असेल, तर ते चूक आहे हे कळत होतं का? आजाराने हे कळणंच हिरावलं असेल, तर तो दोषी नाही.

ही रेघ समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४ याच विचारावर उभं होतं. २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २२ म्हणून जवळजवळ तसंच आहे. मायनर, मॅक्नॉटन आणि उद्या आपल्या जिल्हा न्यायालयात उभा राहणारा एखादा आरोपी, तिघांना लावायची मोजपट्टी एकच.

आणि ती सैल नाही. नुसता आजार असून भागत नाही. स्किझोफ्रेनियाची फाइल दाखवली की सुटका, असा प्रकार नाही. गुन्ह्याच्या त्या क्षणी भान हरपलेलं होतं का, एवढाच प्रश्न असतो, आणि ते दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात हे नीट उलगडून सांगितलं. त्या खटल्यात बायकोचा खून करणाऱ्या नवऱ्याचा वेडेपणाचा बचाव न्यायालयाने मानला नाही. स्वतःच्या हाताने ढोसलेल्या दारूची नशा ही सबबही कायदा ऐकत नाही.

राहिला ‘सुटतात’ हा शब्द. मॅक्नॉटन सुटला नाही. बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात त्याने वीसहून अधिक वर्षं काढली. मग त्याला नव्या ब्रॉडमूरमध्ये हलवलं आणि १८६५मध्ये तो तिथेच मेला. मायनरचे अडतीस वर्षांचे दिवस मोजा. त्यातून ‘वेडा ठरलं की मजा’ असा निष्कर्ष निघत नाही.

मग कुलूप कोणत्या हक्काने?

एक काळ असा होता, की इंग्लंडमध्ये वेडेपणामुळे निर्दोष ठरलेल्या माणसाला कोंडून ठेवायला पक्का कायदाच नव्हता. १८००मध्ये जेम्स हॅडफील्डने नाटकगृहात राजा तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडली. राजा वाचला, हॅडफील्ड निर्दोष ठरला, आणि सरकार घाबरलं : हा उद्या मोकळा फिरणार? संसदेने घाईने कायदा केला, की अशा माणसाला राजाची मर्जी असेपर्यंत बंदोबस्तात ठेवता येईल. ‘मर्जी’ हा शब्द इथून आला. त्याच्या पोटात भीती होती, हे विसरायला नको.

भीती खोटी नसते. मेरेटच्या बायकोला कुणी सांगितलं असतं, की नवऱ्याला मारणारा निर्दोष आहे म्हणून संध्याकाळी घरी गेला, तर तो न्याय झाला नसता. पण नीट पाहा, आपण काय करतोय. केलेल्या कृत्यासाठी त्याला कोंडत नाही, कारण त्या कृत्याचा दोष त्याच्यावर नाही, असं आपणच म्हटलं. आपण त्याला कोंडतो ते पुढे काही घडेल म्हणून. हा फार मोठा अधिकार आहे. दारू पिऊन रोज बायकोला मारणारा नवरा उद्या तिला ठार करील, असं सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. तरी ‘उद्या’साठी त्याला वीस वर्षं आत टाकता येत नाही. तुरुंगातून सुटताना ‘बघून घेईन’ म्हणणाऱ्यालाही तारीख आली की सोडावंच लागतं. मनोरुग्णांबद्दल तर हेही सांगायला हवं, की त्यांतले बहुसंख्य कधीच कुणावर हात उगारत नाहीत. मार खायची वेळ त्यांच्यावरच जास्त येते.

मग मोजक्याच मनोरुग्णांना आपण ‘उद्या’साठी कोंडतो, ते कसं समर्थनीय ठरतं? तीन अटी पाळल्या तर ठरतं. पहिली अट : धोका त्या आजारातून येत असला पाहिजे, केवळ आपल्या घृणेतून नव्हे. दुसरी अट : आत नेऊन त्या आजारावर खरोखर उपचार झाले पाहिजेत. तिसरी अट : ‘अजून का ठेवलंय?’ हा प्रश्न ठराविक काळाने कुणीतरी विचारला पाहिजे, आणि ज्याच्या हातात किल्ली आहे त्याने त्याचं उत्तर दिलं पाहिजे. यातली एकही अट मोडली, तर त्या इमारतीवर रुग्णालयाची पाटी असो वा नसो, आत निर्दोष माणसाचा तुरुंगच चालू असतो.

त्याला तारीख देता येत नाही, हे मान्य. टायफॉइडच्या रोग्यालाही डॉक्टर पहिल्या दिवशी तारीख देत नाही. पण तारीख देता येत नसेल, तर कारण द्यावं लागतं. पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच.

आत काय चालतं

आज इंग्लंडमध्ये अतिसुरक्षित मनोरुग्णालयं तीन आहेत : ब्रॉडमूर, रॅम्प्टन आणि अ‍ॅशवर्थ. ती सार्वजनिक आरोग्यसेवेची रुग्णालयं आहेत. आतल्या माणसाला कैदी म्हणत नाहीत, रुग्ण म्हणतात. त्यांतले सगळेच ‘निर्दोष’ ठरलेले नसतात. काहींवर दोष शाबीत झालेला असतो, पण न्यायाधीशाने तुरुंगाऐवजी रुग्णालयात पाठवलेलं असतं. काही तुरुंगात आजारी पडून आलेले असतात. या तिघांखाली मध्यम आणि कमी सुरक्षेची रुग्णालयं आहेत. माणूस सुधारत गेला की एकेक पायरी उतरत बाहेरच्या दिशेने येतो. आधी नर्ससोबत आवारात फेरी, मग सोबत कुणाला घेऊन गावात, मग एकट्याने काही तास, मग अटींवर सुटका. गंभीर गुन्ह्यांतल्या रुग्णाला बाहेर पाठवायचं, तर नुसत्या डॉक्टरच्या सहीने चालत नाही. न्यायमंत्रालयाची परवानगी लागते.

या क्षेत्रातले लोक सुरक्षेचे तीन प्रकार सांगतात. पहिला भिंतीचा : कुंपण, कुलूप, कॅमेरे. दुसरा नियमांचा : झडती, मोजलेले चमचे-सुऱ्या, बाहेर जायची परवानगी. तिसरा ओळखीचा. रोज दोन चमचे साखर मागणारा माणूस आज चहाला शिवतच नाही. चहात काही मिसळलंय, असं तर त्याला पुन्हा वाटायला लागलं नसेल? हे कॅमेऱ्यात दिसत नाही. त्याला वर्षभर चहा देणाऱ्या नर्सला दिसतं. म्हणजे आपल्या सुरक्षेसाठी सुद्धा कुणीतरी त्या माणसाला माणूस म्हणून ओळखणं गरजेचं आहे.

उपचाराचा पहिला भाग औषधांचा. मायनरच्या काळात औषधं नव्हतीच. भ्रम आणि भास आटोक्यात आणणारी औषधं १९५०च्या दशकात आली. आज ती अनेकांना लागू पडतात. पण औषध लागू पडलं की दुसरा भाग सुरू होतो, आणि तो जास्त अवघड आहे.

त्या माणसाला भान येतं.

भाऊ हा भाऊच होता, हे त्याला आता कळतं. मारेकरी कुणी नव्हताच, हे कळतं. रस्त्यावर पडलेला माणूस कामावर निघाला होता, त्याला मुलं होती, हे कळतं. तुरुंगातला खुनी स्वतःशी काहीतरी समर्थन रचू शकतो : त्याने मला डिवचलं, माझी जमीन लाटली. याच्याकडे तेही नसतं. ज्याने केलं तो आपणच, आणि ज्याला वाटलं तोही आपणच. पण आज ते आपल्याला वाटत नाही. भान परत येतं त्या काळात नैराश्य येण्याचा, जीव द्यावासा वाटण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि नर्स त्या घटनेबद्दल त्याच्याशी हळूहळू, महिनोन्महिने बोलत राहतात. घटना टाळून चालत नाही, कारण आजार पुन्हा डोकं वर काढतोय हे ओळखायचं, तर तेव्हा काय काय घडलं होतं हे त्याला ठाऊक हवं. आणि ते एकदम अंगावर घालूनही चालत नाही.

म्हणूनच ‘उपचार म्हणजे लाड’ हे म्हणणं टिकत नाही. आपण त्याला बरं करतो, म्हणजे त्याला ते ओझं उचलता येईल इतका शहाणा करतो. कायद्याने जो दोष त्याच्यावर ठेवला नाही, त्याच्या जवळपासचं काहीतरी तो माणूस बरा झाल्यावर आपणहून खांद्यावर घेतो. त्याला दोष म्हणता येणार नाही. पण ‘माझा काय संबंध’ असंही त्याला म्हणता येत नाही. मराठीत याला नेमका शब्द नाही. ‘सल’ हा त्यातल्या त्यात जवळचा.

मेरेटची बायको मायनरला भेटायला ब्रॉडमूरमध्ये जात असे आणि त्याच्यासाठी पुस्तकंही नेत असे, असं सांगतात. यातून ‘क्षमा करा’ असा धडा काढायला नको. तिने ते करायलाच हवं होतं, असं नाही. दुसरी एखादी बाई कधीच गेली नसती आणि तिचंही काही चुकलं नसतं. पण भेट झाली, तर समोर ऐकू शकणारं माणूस असावं लागतं. उपचाराशिवाय तेही शक्य होत नाही.

आणि डॉक्टर चुकले तर?

ब्रॉडमूरच्या इतिहासात दोन नावं अशी आहेत, की वरचं सगळं वाचूनही मन कचरावं.

जॉन स्ट्रॅफेन बौद्धिक वाढ खुंटलेला तरुण होता. दोन लहान मुलींच्या खुनानंतर खटला चालवण्याइतकी त्याची समज नाही, असं ठरलं आणि त्याला ब्रॉडमूरमध्ये ठेवलं. एप्रिल १९५२मध्ये तो भिंत ओलांडून पळाला. तो चार-एक तास बाहेर होता. तेवढ्यात आणखी एका मुलीचा जीव गेला. त्यानंतर आसपासच्या गावांत भोंगे बसवले गेले. दर सोमवारी सकाळी दहाला ते वाजवून पाहत. कित्येक पिढ्यांनी तो आवाज ऐकला. हे भिंतीचं अपयश होतं.

दुसरा ग्रॅहम यंग. घरच्यांवर आणि मित्रावर विषप्रयोग केले म्हणून १९६२मध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो ब्रॉडमूरमध्ये आला. १९७१मध्ये, बरा झाला म्हणून त्याला सोडलं. त्याने नोकरी धरली, आणि तिथल्या सहकाऱ्यांच्या चहातून विष द्यायला सुरुवात केली. दोघे मेले. हे निर्णयाचं अपयश होतं, आणि ते कितीतरी अधिक बोचतं. तज्ज्ञांनी बसून, तपासून, सही करून त्याला सोडलं होतं.

‘मग कुणालाच सोडू नका’ असं म्हणणं अशा वेळी सोपं आहे. पण त्या वाक्याची किंमत कोण भरतो ते पाहा. सोडलेल्यांपैकी कुणी पुन्हा गुन्हा केला, तर त्याची बातमी होते. धोका उरलेला नसताना जो विसाव्या वर्षीही आत बसलाय, त्याची बातमी होत नाही. एक चूक रक्ताने लिहिली जाते, दुसरी कुणीच लिहीत नाही. म्हणून सही करणाऱ्याला दुसरी चूक नेहमीच स्वस्त वाटते. यंगच्या प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये चौकशी झाली आणि अशा धोकादायक रुग्णांच्या सुटकेआधी आणखी एका स्वतंत्र मंडळाचा सल्ला घ्यायची पद्धत आली. निर्णय अधिक डोळ्यांसमोरून जाऊ लागला. दार कायमचं बंद केलं गेलं नाही.

मुद्दा धाडसाचा नाहीच. यंगला सोडताना ‘का’ हे पुरेसं विचारलं गेलं नाही. बरा झालेल्याला न सोडतानाही ‘का’ हे विचारलं जात नाही. दोन्हीकडे रोग एकच.

मर्जीकडून कारणाकडे

१९७४ची गोष्ट. ब्रॉडमूरमधून अटींवर सुटलेला एक रुग्ण जवळपास तीन वर्षं बाहेर होता. बायकोसोबत राहत होता, नोकरी करत होता. एक दिवस गृहमंत्र्यांच्या आदेशाने त्याला पुन्हा ब्रॉडमूरमध्ये नेलं. आदेश चूक असेल किंवा बरोबर. पण तो बरोबर आहे की नाही हे तपासून ‘याला सोडा’ असं सांगायची ताकद तेव्हा कुठल्याच न्यायासनाकडे पुरेशी नव्हती. अंतिम शब्द मंत्र्याचा.

तो माणूस युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला. निकालात त्याचं नाव नाही, फक्त ‘एक्स’. १९८१मध्ये निकाल लागला, तोवर तो हयात नव्हता. न्यायालय म्हणालं : तातडीने परत नेण्याचा अधिकार सरकारला असू शकतो, पण आजारापोटी कोंडलेल्या माणसाला, आपल्याला अजून कोंडण्याचं कारण उरलंय का, हे ठराविक काळाने न्यायासनासमोर तपासून घेता आलं पाहिजे. ब्रिटनला कायदा बदलावा लागला. १९८३च्या कायद्याने अशा रुग्णालाही सोडण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला दिला. रुग्ण वर्षातून एकदा त्याच्यापुढे जाऊ शकतो. त्याने अर्ज केला नाही, तरी काही वर्षांनी प्रकरण आपोआप त्यांच्यासमोर जातं.

१८०० ते १९८३. मर्जीच्या जागी कारण यायला एकशे त्र्याऐंशी वर्षं लागली.

आता आपल्या येरवड्याकडे

पुण्यात ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणतात, तेव्हा कुठल्या येरवड्याला ते संदर्भावरून समजून घ्यावं लागतं. तुरुंगही तिथेच, मनोरुग्णालयही तिथेच. मुंबईकर त्याच चालीवर ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात. आपल्या विनोदातच दोन इमारतींची सरमिसळ झालेली आहे. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि न्यायालयाकडून येणारे रुग्ण या सर्वसाधारण व्यवस्थेतच सामावून घेतले जातात. ब्रॉडमूरसारखी पायऱ्या-पायऱ्यांची वेगळी साखळी आपण देशात उभी केलेली नाही.

ती नसल्याने काय होतं, याचं उत्तर आसामच्या मचांग लालुंग यांच्या आयुष्यात आहे. मोरीगाव जिल्ह्यातला हा आदिवासी तरुण १९५१मध्ये पकडला गेला. आरोप गंभीर इजा केल्याचा. मग त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलं, की हे आता ठीक आहेत. त्यावर एक तर खटला चालायला हवा होता किंवा सुटका व्हायला हवी होती. दोन्ही झालं नाही. त्यांना गुवाहाटीच्या तुरुंगात नेलं आणि सगळे विसरले. २००५मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातलं, तेव्हा ते बाहेर आले. एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं, आणि आरोप कधी सिद्धही झाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तीन लाखांची भरपाई ठरवली. २००७मध्ये ते वारले.

या गोष्टीत दुष्ट माणूस शोधाल, तर सापडणार नाही. कुणी सूड घेतला नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत. फक्त ‘अजून का ठेवलंय?’ असं कुणी विचारलं नाही. आणि ते एकटेही नव्हते. १९८२मध्ये वीणा सेठी यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या हजारीबाग तुरुंगाकडे पाहिलं, तेव्हा तिथेही बरे झालेले, तरीही दोन-तीन दशकं अडकून पडलेले लोक निघाले.

कायद्याची रचनाही बघा. वेडेपणामुळे निर्दोष ठरलेल्याला सुरक्षित जागी ठेवावं किंवा जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाच्या हवाली करावं, असं १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३३५ सांगत होतं. ठेवलेल्या माणसापासून आता कुणाला धोका नाही, असं प्रमाणपत्र आलं, तर राज्य सरकार सुटकेचा आदेश देऊ शकत असे. २०२३च्या नव्या संहितेतही हीच रचना राहिली आहे. ‘देऊ शकते.’ या क्रियापदात हॅडफील्डच्या काळची मर्जी अजून श्वास घेतेय.

पण दुसऱ्या बाजूला आपल्याकडे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, आणि त्याचं कलम १०३ वाचण्यासारखं आहे. प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्णांसाठी उपचारकेंद्र हवं. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, की इथे मानसिक आजारी कैदी ठेवलेले नाहीत. आणि मंडळ तुरुंगात जाऊन विचारू शकतं, की हा आजारी माणूस इथे का आहे, त्याला उपचारासाठी हलवलं का नाही? म्हणजे ‘का’ हा शब्द आपल्या कायद्यात आलाय. आता तो कागदावरून उठून तुरुंगाच्या दारापर्यंत चालत जातो की नाही, हे मंडळांवर, नेमलेल्या डॉक्टरांवर, दिलेल्या पैशावर आणि आपल्या आस्थेवर अवलंबून आहे.

सगळ्यात अवघड टोक

इथवर मान डोलावणं सोपं होतं, कारण लालुंग यांच्या बाजूने उभं राहायला काही लागत नाही. म्हणून शेवटी एक अवघड प्रकरण.

१९९९मध्ये महाराष्ट्रात दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून झाला. आरोपी दोषी ठरला, फाशी झाली. तो गुन्हा करताना शहाणा होता. कलम ८४चा इथे काही संबंध नाही. तुरुंगातल्या वर्षांत त्याला गंभीर मानसिक आजार जडला. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून त्याला उरलेलं आयुष्यभर तुरुंगात ठेवायचा निर्णय दिला, आणि त्याच्यावर उपचार करायला सांगितलं. आजारी माणसाची ओळख उघड होऊ नये म्हणून निकालात त्याला ‘आरोपी क्ष’ अशा अर्थाचंच नाव आहे.

याच्याबद्दल कळवळा वाटत नाही? नाही वाटला तरी चालेल. त्या मुलींच्या आईवडिलांकडून तर कुणी त्याची अपेक्षाही करू नये. न्यायालयाने कळवळ्याची मागणी केलेलीही नाही. त्याचं म्हणणं साधारण असं : शिक्षा कशाबद्दल आहे हे ज्याला उमगतच नाही, त्याला फासावर देण्याने शिक्षेचा हेतू साधत नाही. ही शिक्षेचीच अट आहे. शिक्षेला समोर कुणीतरी लागतं, ज्याला ती कळेल.

आता ही दोन टोकं शेजारी ठेवा. मायनरला गुन्हा करताना भान नव्हतं, म्हणून त्याला शिक्षा नाही. या माणसाला फाशीच्या वेळी भान उरलं नाही, म्हणून त्याला फाशी नाही. दोन्हीकडे उपचार मात्र हवाच. उपचार हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस असतं, तर तो पहिल्याला मिळाला असता आणि दुसऱ्याला नाकारता आला असता. पण ज्याच्या दाराला आपण बाहेरून कुलूप लावलंय, त्याला स्वतःच्या पायाने डॉक्टरकडे जाताच येत नाही. किल्ली ज्याच्याकडे, औषधाची जबाबदारी त्याच्याकडे. आतला माणूस आवडता असो वा नावडता, हा हिशोब बदलत नाही.

आणि ही किल्ली राणीच्या किंवा गृहमंत्र्याच्या खिशात आहे, असं समजायचं कारण नाही. आपल्या सुरक्षिततेसाठी म्हणून आपल्या नावाने ती फिरवली जाते. मेरेट पुन्हा मरू नये, हा आपला हक्क आहे, आणि त्यासाठी काही माणसांना काही काळ, क्वचित आयुष्यभर, कुलपाआड ठेवावं लागेल. त्याबद्दल शरमायची गरज नाही. मात्र त्या बदल्यात त्या दारावर दर वर्षी कुणीतरी टकटक करायला हवी : आज का? कालचं कारण आज चालणार नाही. ज्या वर्षी हे विचारणारा कुणी उरत नाही, त्या वर्षी आतला माणूस १९६७चा मचांग लालुंग झालेला असतो, आणि पुढची अडतीस वर्षं तशीच निघून जाऊ शकतात.